वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षणातील पूर्वतपासणी व मूल्यमापन : स्वरूप आणि मर्यादा

प्रास्ताविक

गेल्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रातील शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, जुन्या व्यायामशाळांच्या जोडीने 'जिम' उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत 'पर्सनल ट्रेनर' म्हणजेच वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक हा व्यवसाय रूढ झाला. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले आपले अनेक विद्यार्थी या व्यवसायात उतरत आहेत. तालमीत येणारा नवा मुलगा बहुधा किशोरवयीन असे. वस्ताद त्याला आठ-पंधरा दिवस नुसत्या जोर-बैठका घालायला लावून त्याचा दम पाहत. आज प्रशिक्षकापुढे येते ती बहुधा चाळिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसणारी आणि तीन महिन्यांत वजन उतरवू इच्छिणारी व्यक्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांचे व्यायामानंतर अस्वस्थ वाटून झालेले निधन आणि ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव यांचे दिल्लीतील जिममध्ये कोसळणे, या घटनांमुळे व्यायामाविषयी समाजात भीतीही निर्माण झाली. ही भीती अनाठायी ठरावी आणि निष्काळजीपणाही होऊ नये, यासाठी पहिल्या भेटीत नेमके काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वतपासणी आणि मूल्यमापन यांतील भेद

या दोन संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जातात. तथापि पूर्वतपासणीचा प्रश्न 'या व्यक्तीने आज व्यायाम सुरू करावा की आधी डॉक्टरांना भेटावे?' एवढाच आहे, तर मूल्यमापनाचा प्रश्न 'सुरुवात कोठून करावी?' हा आहे. पहिल्याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळणे म्हणजे चाचणीलाच धोका बनविणे होय. प्रशिक्षक निदान करीत नाही. तो केवळ कोणाला थांबवावयाचे हे ठरवितो.

पूर्वतपासणीसाठी जगभर वापरली गेलेली 'पार-क्यू' ही प्रश्नावली १९७० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तयार झाली. १५ ते ६९ वर्षे वयोगटासाठी असलेल्या तिच्या सुधारित रूपात सात प्रश्न आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ मध्ये आपली पद्धत बदलली. त्यापूर्वी वय, धूम्रपान, कौटुंबिक इतिहास असे जोखीम-घटक मोजले जात आणि त्यामुळे गरज नसतानाही असंख्य लोकांना वैद्यकीय तपासणीसाठी पाठविले जाई. परिणामी त्यांचा व्यायामच लांबणीवर पडे. नव्या पद्धतीत तीनच गोष्टी पाहिल्या जातात : व्यक्ती सध्या नियमित व्यायाम करते काय, तिला हृदय-रक्तवाहिन्या, चयापचय वा मूत्रपिंड यांचा ज्ञात आजार अथवा त्याची लक्षणे आहेत काय, आणि तिला किती तीव्रतेचा व्यायाम करावयाचा आहे. आजार नाही आणि लक्षणेही नाहीत, अशा बैठ्या व्यक्तीने हलक्या ते मध्यम व्यायामाने सुरुवात करण्यास वैद्यकीय संमतीची अट नाही. लक्षणे असल्यास मात्र व्यक्ती कितीही सरावातील असो, आधी डॉक्टर.

ही पद्धत सुटसुटीत आहे. परंतु तिच्यातील 'ज्ञात आजार' हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडिआब' पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगतात, आणि त्यांतील अनेकांना आपल्या आजाराची कल्पनाच नसते. ज्याने कधी रक्त तपासलेच नाही, त्याचे 'मला आजार नाही' हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून 'आजार आहे का?' याऐवजी 'रक्तदाब आणि साखर शेवटची केव्हा तपासली?' असे विचारावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्षभरात तपासणी झाली नसल्यास ती करण्यास सुचवावे, पण तेवढ्यासाठी हलके चालणे थांबवू नये.

प्रश्नाची भाषा

इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः मराठी भाषांतर भरून घेणे ही आपल्याकडील सर्वांत मोठी उणीव आहे. 'श्रम करताना छातीत दुखते का?' या प्रश्नाला बहुसंख्य लोक 'नाही' असे उत्तर देतात, कारण त्यांना 'दुखत' नाही; त्यांच्या छातीवर 'दडपण येते', 'भरून येते', 'जळजळते', आणि ते त्याला अ‍ॅसिडिटी वा गॅस समजतात. ही लक्षणे हृदयाचीच असतील असे नाही. पण जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी 'अ‍ॅसिडिटी' डॉक्टरांनीच पाहावयास हवी. स्त्रिया पुष्कळदा 'जीव घाबरा होतो', 'एकदम थकवा येतो' एवढेच सांगतात. 'डोळ्यांपुढे अंधारी येते का?' हा प्रश्न 'चक्कर येते का?' या प्रश्नाहून अधिक उत्तरे मिळवितो.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत ५२ वर्षांचे एक सहकारी प्राध्यापक माझ्याकडे आले. प्रश्नावलीत त्यांनी सर्वत्र 'नाही' लिहिले होते. विश्रांतीतील नाडी ५६ भरली, ती मी तंदुरुस्तीची खूण मानली. २२० वजा वय या सूत्राने कमाल स्पंदने १६८ आणि त्यांच्या ७० टक्के म्हणजे सुमारे ११८ हे उद्दिष्ट ठरविले. ट्रेडमिलवर नाडी शंभरच्या पुढे जाईना, म्हणून मी वेग वाढवीत गेलो. ते घामाघूम झाले, बोलताना वाक्य तुटू लागले, तेव्हा मी यंत्र थांबविले. नंतर समजले की ते रोज सकाळी अटेनोलॉल घेत होते. "अहो सर, बी.पी. आता नॉर्मल आहे, म्हणून 'नाही' लिहिलं," हे त्यांचे उत्तर. गोळीने आटोक्यात असलेला आजार त्यांच्या लेखी आजारच नव्हता. बीटा ब्लॉकर वर्गातील हे औषध स्पंदनांची वाढ रोखते. अशा व्यक्तीसाठी वयाधारित सूत्र निकामी होते आणि गुनार बोर्ग यांच्या श्रमजाणीव श्रेणीचा अथवा 'चालताना बोलता येते का' या साध्या कसोटीचा आधार घ्यावा लागतो. बैठ्या माणसाची मंद नाडी हाच वास्तविक प्रश्न विचारण्याचा संकेत होता. तेव्हापासून मी 'कोणती औषधे घेता?' असे विचारीत नाही. गोळ्यांची पाकिटेच सोबत आणावयास सांगतो.

मोजमापे

विश्रांतीतील मोजमापे आधी, श्रमाच्या चाचण्या नंतर, हा क्रम पाळावा. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून घ्यावा. त्यापूर्वी अर्धा तास चहा व धूम्रपान नको.

बीएमआयबाबत आपण विशेष सावध असले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा बीएमआय २२.३ असा एकच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी दडलेली असते. म्हणून २००९ च्या भारतीय सहमती-मार्गदर्शनाने बीएमआयची जादा वजनाची मर्यादा २३ वर आणली आणि कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा सुचविली. शिवणकामाची टेप येथे महागड्या यंत्राहून अधिक उपयोगी पडते.

दमश्वासाच्या चाचणीसाठी आपल्या महाविद्यालयांतून अजूनही हार्वर्ड स्टेप टेस्टच सर्रास वापरली जाते. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढ-उतार, ही चाचणी १९४० च्या दशकात तरुण पुरुषांसाठी रचली गेली. पंचेचाळीस वर्षांच्या नवख्या स्त्रीला ती देणे अयोग्य आहे. तिच्यासाठी एक मैल वेगाने चालण्याची रॉकपोर्ट चाचणी पुरेशी होय. मैदान आणि घड्याळ असले की काम भागते. खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, मांडी घालून बसून उठताना कोणत्या गुडघ्यावर भार येतो, हेही बारकाईने पाहावे.

या सर्व नोंदी दिनांकासह लिहून ठेवाव्यात व कुलपात ठेवाव्यात. सहकाऱ्याच्या साखरेचा आकडा स्टाफ रूममध्ये पोहोचला की पुढचा माणूस खरे उत्तर देत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच क्रमाने फेरतपासणी करावी आणि मधल्या काळात औषध बदलले काय, हे पुन्हा पाकीट पाहूनच नोंदवावे.