सोन्याची लाल रेघ

विटा-खानापूर भागातले गलाई कामगार सोनं गाळायच्या कामासाठी देशभर पांगले. कितीतरी शहरांच्या सराफ पेठेत त्यांची भट्टी धगधगत असते. याच सोन्याने सांगली-साताऱ्याच्या दवाखान्यांत आणखी एक काम केलं आणि त्याची आठवण ठेवायला हवी.

1986 मध्ये डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूने मद्रासमध्ये देशातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. पुढच्या काळात सांगली आणि सातारा जास्त लागणीच्या जिल्ह्यांत गणले जाऊ लागले. 1992 मध्ये मीना शेषू यांनी सांगलीत 'संग्राम' या संस्थेचं काम सुरू केलं. त्यातूनच 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि देहविक्री करणाऱ्या बायका स्वतःच आपल्या वस्तीत आरोग्याचं काम करू लागल्या.

तेव्हा सगळी भिस्त एलायझा या रक्तचाचणीवर होती. विषाणूविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती प्रथिनंच. ती शोधायला 96 खळग्यांची प्लेट, पुन्हापुन्हा धुणं आणि रंग मोजणारं यंत्र लागे. पुरेसे नमुने जमेपर्यंत प्लेट लावणं परवडत नसे. म्हणजे निकालासाठी दुसरी खेप: पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा बुडालेली मजुरी, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न. कितीजणी परत आल्याच नसतील!

मग झटपट चाचणीची पट्टी आली. जैवसंवेदकाचं, म्हणजे जैविक रेणू ओळखून त्याची खूण दाखवणाऱ्या साधनाचं, हे एक साधं रूप. अतिसूक्ष्म कणांतलं सोनं पिवळं नव्हे, लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच त्याचा अभ्यास मांडला होता. अनेक पट्ट्यांत हेच कण असतात. रक्ताचा थेंब कागदावरून सरकतो, त्यातली प्रतिपिंडं कणांना चिकटून पुढे जातात, वाटेत लावलेलं विषाणूचं प्रथिन त्यांना अडवतं आणि तिथे रेघ उमटते. अर्ध्या तासाच्या आत.

एका रेघेवर मात्र कुणाला बाधित ठरवायचं नाही. लक्षणं नसलेल्या माणसासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळाव्या लागतात. लागण ताजी असेल तर प्रतिपिंडं अजून तयारच झालेली नसतात. म्हणून पुढच्या पिढीतल्या चाचण्या विषाणूचं पी24 हे प्रथिनही शोधतात.

पट्टीइतकंच मोलाचं पाऊल कायद्याचं. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीआधी समजावून घेतलेली संमती आणि निकालाची गोपनीयता बंधनकारक केली. वस्तीतल्या बायकांनी हाच आग्रह कितीतरी आधी धरला होता.

आता उपकेंद्रात नर्सताई गरोदर बाईच्या बोटाला टोचून थेंब घेतात. शंका आली तर खात्रीसाठी तिला समुपदेशन केंद्रात पाठवतात, आणि लागण ठरलीच तर बाळाला वाचवायची औषधं ते पोटात असतानाच सुरू होतात.