हुबळीच्या बासेल मिशन मंडळीचा मागोवा

हुबळीच्या गोकुळ रोडवरून आज विमानतळाकडे जाणाऱ्या मनुष्यास, दुतर्फा कारखाने आणि दुकाने पाहताना, हा सारा प्रदेश एके काळी सरकारी दप्तरात 'दक्षिणी मराठा मुलूख' म्हणून नोंदला जात असे, याची आठवण क्वचितच होत असेल. पेशवाईच्या अखेरीस नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांच्या सरंजामात होती, ती १८२० साली कंपनीच्या अंमलाखाली गेली. कचेऱ्यांतून मराठीचा वावर मात्र पुढेही पुष्कळ वर्षे राहिला. स्वित्झर्लंडमधील बासेलहून आलेल्या मिशनऱ्यांनीही आपल्या अहवालांत या ठाण्यांस 'दक्षिण मराठा' हेच नाव दिले, आणि म्हणून त्यांनी वसविलेल्या मंडळीचा इतिहास मराठी वाचकाने परका मानू नये.

१८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना कंपनीचा मुलूख खुला झाला. पुढल्याच वर्षी हेबिक, लेनर व ग्राइनर हे तिघे मंगळूरास पोहोचले. १८३७ साली धारवाडास आणि १८३९ साली हुबळीस ठाणे बसले. आरंभीच्या आशा फार मोठ्या होत्या. परदेशातून नवे गुरू येतील असे भाकीत ज्यांच्या 'कालज्ञान' ग्रंथांत होते, अशा लिंगायतांतील एका पंथाने त्यांच्याशी संधान बांधले, आणि त्या भरवशावर गदगकडच्या मलसमुद्र येथे १८४१ साली शेतीची वसाहतही उभारण्यात आली. ती आशा फळास आली नाही, आणि त्यात नवल नव्हते. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य त्याच दिवशी जातीस, भाऊबंदांस आणि बहुधा धंद्यासही मुकत असे. पाणवठा, सोयरीक आणि सावकाराची पत ही तिन्ही एकदम तुटत. धर्मांतराने वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० साली झाला खरा, परंतु विहिरीवरची घागर त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती. तेव्हा ज्याने त्या मनुष्यास बाप्तिस्मा दिला, त्यानेच त्याला माग, घर आणि मुलांना शाळा देणे प्राप्त झाले. मंडळी वाढली ती या खटाटोपातून, प्रवचनांतून फारशी नव्हे, असे माझे मत आहे.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनच्या आश्रयास आली. या मुलांमुळे मंडळी वाढली, हे सांगण्यात तिचा कसलाही अवमान नाही. ज्यांना कोणी थारा दिला नाही त्यांना तिने दिला, एवढेच त्याचे तात्पर्य. पुढे १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, हुबळीस तिचा मोठा कारखाना निघाला, आणि तमिळ, तेलुगू, गोमंतकीय व अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंबे गावात येऊन राहिली. विणकरांची हुबळी रेल्वेची झाली.

याच परिसरात १८५३ साली आलेला फर्डिनांड किटेल हा तरुण लोकांत मिसळून कन्नड शिकत राहिला. सहकाऱ्यांस त्याची ही विद्याव्यासंगी वृत्ती फारशी रुचत नसे, तरी त्याने आपला कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली पुरा करून छापविला, आणि मराठीतून कन्नडात आलेल्या शब्दांपुढे त्याची वेगळी खूण निष्ठेने नोंदविली. अशा श्रमांपुढे मन नम्र होते.

१९१४ च्या महायुद्धाने जर्मन मिशनऱ्यांस अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत नेले आणि पुढे मायदेशी धाडले. मिशनचा व्यापार व कारखाने सरकारने ताब्यात घेतले. गोऱ्या पाद्र्यांवाचून मंडळी टिकेल काय, ही शंका तेव्हा रास्तच होती. ती येथील पाळकांनी, शिक्षकांनी आणि घरोघरच्या स्त्रियांनी खोटी ठरविली. कालांतराने ही मंडळी दक्षिण भारत चर्चमध्ये सामील झाली, आणि त्या चर्चच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताचे मुख्य ठाणे आज धारवाडासच आहे.

मिशनऱ्यांचे अहवाल व छायाचित्रे बासेलच्या संग्रहात सुरक्षित आहेत. येथल्या माणसांची बाजू मात्र तेथे सापडायची नाही. हुबळी-धारवाडच्या ज्या मराठी व कन्नड घराण्यांत मिशन शाळांचे जुने दाखले, पत्रे वा जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनी त्या वाळवीच्या स्वाधीन न करता अभ्यासकांच्या हाती द्याव्यात, ही विनंती.