एक्लेसिया : सभा कीं मंदिर?

गोमंतकांतील ख्रिस्ती कुटुंब रविवारीं प्रार्थनेस निघालें, म्हणजे कोंकणींत तें ‘इगर्जेंत’ जातें. मराठी माणूस त्याच इमारतीस ‘चर्च’ म्हणतो. आणि मराठी बायबल उघडून पाहिलें, तर इंग्रजी प्रतींत जेथें ‘चर्च’ आहे तेथें ‘मंडळी’ हा शब्द आढळतो. इमारत निराळी आणि माणसें निराळीं. मग एकाच मूळ शब्दाचे हे दोन अर्थ झाले कसे? याचें उत्तर शोधूं गेल्यास थेट अथेन्स नगरींत जावें लागतें.

‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द मुळांत धार्मिक नव्हताच. ‘एक्’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणें. अथेन्सच्या नागरिकांची जी सार्वजनिक सभा भरे, तिचें हें नांव. प्निक्स नांवाच्या टेकडीवर ही सभा बसे व युद्ध, तह यांचा निर्णय तेथें हात वर करून होई. कांहीं बाबींस तर ६,००० नागरिकांची उपस्थिति आवश्यक असे. स्त्रिया, गुलाम व परकीय यांस तेथें मज्जाव होता, हें लोकशाहीचे गोडवे गातांना विसरूं नये. बाजारांत रेंगाळणाऱ्यांना लाल रंगांत भिजविलेल्या दोरीनें सभेकडे हांकीत, अशी थट्टा ऍरिस्टोफेनीस या नाटककारानें इ. स. पूर्व ४२५ मधील आपल्या प्रहसनांत केली आहे.

पुढें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून यहुदी धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. इस्राएल लोकांच्या मेळाव्यास हिब्रूंत ‘काहाल’ म्हणत. त्यासाठीं भाषांतरकारांनीं अनेक ठिकाणीं ‘एक्लेसिया’ हा शब्द योजिला. पहिले ख्रिस्ती हेच ग्रंथ ग्रीकमधून वाचीत, म्हणून आपल्या मेळाव्यासही त्यांनीं तेंच नांव दिलें. त्यांस स्वतःची इमारत नव्हती. कोणाच्या तरी घरीं ते जमत. कालांतरानें इमारती उठल्या आणि माणसांचें नांव भिंतींस चिकटलें. यांत नवल नाहीं. ‘शाळा सुटली’ म्हणतांना मुलें सुटतात आणि ‘शाळा गळते’ म्हणतांना छप्पर गळतें!

लॅटिननें हा शब्द जसाच्या तसा उचलला. त्यापासून फ्रेंच ‘एग्लीझ’, स्पॅनिश ‘इग्लेसिया’, इटालियन ‘किएझा’ व पोर्तुगीज ‘इग्रेझा’ हे शब्द झाले. वेल्स व बास्क लोकांच्या बोलींतही तो शिरला. पूर्वेकडे आर्मेनियन ‘येकेघेत्सी’, तुर्की ‘किलिसे’ आणि फारसी ‘कलीसा’ हीं त्याचींच रूपें. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें आणि ‘इग्रेझा’ची ‘इगर्ज’ झाली.

‘चर्च’ची कुळी मात्र वेगळी. ग्रीकमध्यें ‘किरिओस’ म्हणजे प्रभु आणि ‘किरिआकोन’ म्हणजे प्रभूचें, अर्थात् प्रभूचें घर. हा शब्द जर्मन टोळ्यांनीं फार लवकर उचलला असावा, असें विद्वान् मानतात. जर्मन ‘किर्ख’, स्कॉटिश ‘कर्क’, इंग्रजी ‘चर्च’ हीं त्याचीं अपत्यें. रशियन ‘त्सेर्कोव्ह’ही बहुधा त्याच घराण्यांतील. तेव्हां ‘इगर्ज’ आणि ‘चर्च’ दोघेही ग्रीक, पण सख्खे नव्हेत.

हा भेद इंग्लंडांत जिवावरच्या वादाचा विषय झाला. विल्यम टिंडल यानें नव्या कराराचें ग्रीकवरून केलेलें इंग्रजी भाषांतर १५२६ मध्यें जर्मनींतील वर्म्स येथें छापून निघालें. त्यांत त्यानें ‘एक्लेसिया’स ‘चर्च’ न म्हणतां ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेले लोक, असें म्हटलें. मूळ अर्थास धरून तो बरोबरच होता. परंतु ‘चर्च’ म्हटलें कीं पोप, बिशप व पाद्री यांची सारी उतरंड डोळ्यांपुढें उभी राही. ‘काँग्रिगेशन’ म्हटलें कीं ती नाहींशी होऊन साधीं माणसें उरत. सर टॉमस मोर यांनीं १५२९ मध्यें ग्रंथ लिहून या शब्दावर कडक टीका केली. टिंडलनें उलट विचारलें कीं, मोर यांचे परममित्र इरॅस्मस यांनींही आपल्या लॅटिन भाषांतरांत कांहीं ठिकाणीं असाच शब्द वापरला आहे, त्यांस दोष कां नाहीं? उत्तर बिनतोड होतें. तथापि १५३६ मध्यें ब्रुसेल्सजवळ टिंडलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यांत आलें व त्याचें प्रेत जाळलें. आरोप अनेक होते, केवळ हा शब्द नव्हे. मोर यांचा शिरच्छेद त्यापूर्वींच, १५३५ मध्यें झाला होता. इंग्लंडच्या चर्चचा मुख्य राजा, हें त्यांनीं मान्य केलें नव्हतें.

पुढें पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेनें नवें भाषांतर हातीं घेतलें गेलें, तेव्हां ‘चर्च’च्या जागीं ‘काँग्रिगेशन’ घालूं नये, असा भाषांतरकारांस स्पष्ट नियम घालून दिला होता. १६११ मध्यें तें प्रसिद्ध झालें आणि इंग्रजींत ‘चर्च’ कायम झालें.

मराठींत असा नियम कोणी घातला नाहीं. येथें ‘चर्च’ इमारतीस राहिलें आणि धर्मग्रंथांत ‘मंडळी’ आली. कॅथॉलिक लेखक ‘ख्रिस्तसभा’ असेंही लिहितात.