घराआधी शेजार

मिरजेच्या गुरुवार पेठेतलं आमचं वडिलोपार्जित घर तीन भावांत वाटलं गेलं, तेव्हा आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. मुलगी दहावीत गेली तशी ती जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करू लागली. आम्ही दोघंही शिक्षक. दुसऱ्यांच्या मुलांना 'अभ्यासाला शांत कोपरा हवा' असं पालक-सभेत सांगायचं आणि घरी स्वतःच्या मुलीला पायरी द्यायची, याची लाज वाटू लागली. फ्लॅट नको होता, कारण अम्मींचे गुडघे आणि बंद पडणाऱ्या लिफ्ट. पुढे थोडं अंगण असलेलं बैठं घर, जुन्या वस्तीत, रहदारी नसलेल्या गल्लीत, एवढंच मागणं होतं.

सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा बऱ्याच जुन्या कॉलन्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोकरदारांनी सोसायट्या करून प्लॉट पाडले, घरं बांधली. आता मुलं पुण्या-बंगळूरला, म्हातारी माणसं मागे, आणि दर चार-पाच घरांआड एक विक्रीला. या भागात घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा. २००५ ला आलं होतं का, २०१९ ला आलं होतं का? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. विकणारा काहीही सांगेल. समोरच्या दुकानदाराला विचारावं आणि भिंतीवर पुराची रेघ शोधावी.

एजंटांना फोन केले की आमचं मराठी ऐकून ते खूश व्हायचे. शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितलं की आवाज जरा खाली यायचा, "अच्छा अच्छा, मालकांना विचारून कळवतो." तो फोन कधी आला नाही. असं पाच वेळा झालं. एकाने तर आपुलकीनेच सांगितलं, "सर, तुमच्या लोकांच्या भागात बघू ना, चांगलं मिळेल." त्याचा राग आला, पण घरी येऊन बघतो तर आपलीही माणसं तेच म्हणत होती. "२००९ ची दंगल विसरलात? तिथे मशीद किती लांब! उद्या मय्यत झाली तर खांदा द्यायला कोण येणार?" एजंटाला उत्तर देता आलं असतं. अम्मींच्या बहिणीने विचारलेल्या या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

घर शेवटी मिळालं ते एजंटाविना. शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीच्या काकू एकट्या राहत होत्या, लेकीकडे बेळगावला जायचं ठरवत होत्या. आम्ही गेलो तर त्यांनी चहा दिला, घर दाखवलं, आंब्याचं झाड दाखवलं आणि म्हणाल्या, "आधी इथल्या चार घरांत जाऊन या. त्यांच्यासोबत राहायचंय तुम्हाला, माझ्यासोबत नाही." घर घेण्याआधी शेजारी पाहा, अशी अरबीत म्हण आहे. ती आम्हाला मराठीत काकूंनी शिकवली.

गेलो. तीन घरांत चहा झाला. चौथ्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "बकरी ईदला कुर्बानी इथे करणार का?" आम्ही म्हटलं, ती मिरजेत थोरल्या भावाकडेच होते, सगळं खानदान तिथे जमतं. ते म्हणाले, "बरं झालं विचारलं, नाहीतर मनात राहिलं असतं." खरं सांगायचं तर हा प्रश्न आम्हाला आवडला नाही. घर घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला कुणी विचारत नाही की तुमच्या सणाला तुम्ही काय करता. तरी फोन न करणाऱ्या पाच जणांपेक्षा तोंडावर विचारणारा हा माणूस बरा वाटला. आज गल्लीत सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्याशीच होतं.

मग कागद. जुन्या घराचे कागदही जुने, आणि इथेच घाई नडते. मालमत्ता पत्रकावर नाव काकूंच्या वारलेल्या यजमानांचं. मृत्युपत्र नाही. एक ओळखीचा म्हणाला, "काकू आणि मुलगा सही करतील, मुलगी तर लग्न होऊन गेली." चूक. यजमानांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घरात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच बायको, मुलगा, मुलगी यांचा सारखा हिस्सा आहे. वारस नोंद करून घेतली आणि साठेखतावर तिघांच्याही सह्या घेतल्या. आपल्यात घर घेताना तर याहून सांभाळावं. शरीअतने वारस जास्त ठरवलेत, मयताचे वडील हयात असतील तर त्यांचाही हिस्सा असतो. आणि बहिणींनी 'भावाला माफ केलं' हे तोंडी असतं, कागदावर कुठेच नसतं. अशी घरं पुढे वीस वर्षं कोर्टात राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. आधी पाहिलेलं एक घर आम्ही याच टप्प्यावर सोडलं होतं, कारण जमीन सोसायटीच्या नावावर आणि मालकाकडे फक्त भाडेपट्टा होता.

व्यवहार ६४ लाखांना ठरला. बँकेचं कर्ज घ्यायचं नाही, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं. ज्यांनी घेतलं त्यांना आम्ही काही म्हणत नाही. बिनव्याजी बँकिंगचा विचार रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बाजूला ठेवला, तेव्हा मधली वाट फारशी उरलेली नाही. कुपवाडचा प्लॉट विकून २१ लाख, भविष्य निर्वाह निधीतून १३, दागिन्यांचे ८, भाऊ आणि मेहुण्यांकडून कर्ज-ए-हसना म्हणून १०, तारखा लिहून. उरले १२. काकू म्हणाल्या, "अकरा महिने थांबते, मलाही सामान आवरायला वेळ हवा." ते साठेखतात लिहिलं आणि ताबा शेवटच्या हप्त्यावर ठेवला. ते अकरा महिने भिशी आणि पगारावर कसे काढले, ते बेगमला विचारावं.

घर बेगमच्या एकटीच्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त बाईच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्याकडे सहाऐवजी पाच टक्के पडलं, म्हणजे ६४ हजार वाचले. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. तेवढेच ६४ हजार काकूंच्या रकमेतून कापून आयकर खात्यात भरायचे होते. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने भरायचा असतो, हे आम्हाला दुय्यम निबंधकांच्या दारात कळलं असतं तर पंचाईत होती.

सोसायटीच्या कमिटीने मात्र दमवलं. भाग हस्तांतरणासाठी 'विकासनिधी' म्हणून एक लाख मागितले. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने महानगरपालिका हद्दीत ही रक्कम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. तो कागद दाखवला, तर अर्जच कपाटात गेला. आम्ही दुसरा अर्ज दिला आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. सहकार कायद्यात योग्य कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकांकडे अपील आहे, आणि तीन महिन्यांत निर्णयच कळवला नाही तर सदस्य झालात असं धरलं जातं. त्या शिक्क्याची तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली. ऐंशीव्या दिवशी भाग दाखला घरी आला. चौथ्या घरातले गृहस्थ मधे दोनदा कमिटीच्या बैठकीत उठून बोलले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

वरच्या एका खोलीला बांधकाम परवाना नव्हता. ती नियमित करायची फाईल अजून महापालिकेत आहे.

मुलीला आता दाराला कडी असलेली खोली मिळाली; ती अभ्यास मात्र आंब्याखाली करते. अम्मींचं अजून ठरलेलं नाही. दर जुम्म्याला त्या बसने मिरजेला जातात, बहिणीकडे जेवतात आणि मगरिबच्या आत परततात. पहिले काही महिने "चलते, माझ्या घरी जाऊन येते" म्हणायच्या. परवा म्हणाल्या, "पेठेत जाऊन येते." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बोललो काही नाही.