शेवंतीचा बहार आणि रात्रीचा दिवा

फुलझाडे लावणे हे रिकाम्या वेळची हौस, ही समजूत शिरूर व दौंड तालुक्यांतील बागाइतदारांत आता फारशी उरलेली नाही. दसरा-दिवाळीस पुण्याच्या गुलटेकडी बाजारात शेवंतीला मागणी असते व थोड्या गुंठ्यांचा मळाही घरखर्चास हातभार लावतो. मात्र हे पीक मुहूर्ताचे आहे. सण उलटल्यावर उमललेल्या फुलास तो भाव मिळत नाही. म्हणून फूल कशाने वेळेवर येते, हे समजून घेणे अवश्य आहे.

प्रथम लागणीविषयी. जमीन मध्यम व उत्तम निचऱ्याची असावी. भीमाकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचून मुळ्या कुजतात. तेथे लागण उंच वरंब्यावरच करावी. गतसालच्या निरोगी झाडांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या एप्रिल-मे महिन्यांत, दोन ओळींत २ फूट व दोन रोपांत १ फूट अंतर ठेवून लावाव्यात. गुंठ्यास सुमारे २५० किलो कुजलेले शेणखत आधी मातीत मिसळावे. चार आठवड्यांनी शेंड्याचे टोक खुडले म्हणजे बगलफुटी होऊन फुलांची संख्या वाढते. पुढे माव्यावर व पानांवरील करप्यावर नजर ठेवावी.

एवढे करूनही बहार चुकतो, त्याचे एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली असे दाखविले की, अनेक वनस्पतींचा फुलण्याचा काळ दिवसाच्या लांबीवर ठरतो. शेवंती ही लांब रात्रींची वनस्पती होय. पावसाळा सरत येऊन रात्री वाढू लागल्या म्हणजे तिला कळी धरते. तिच्याच कुळातील शास्ता डेझी, जी कॅलिफोर्नियातील ल्यूथर बरबँक यांनी १९०१ साली प्रसृत केली, ती उलट मोठ्या दिवसांत फुलते. शेवंतीची रात्र मध्येच उजेडाने तुटली, तर झाडास ती लहानच वाटते व ते नुसते वाढत राहते.

याचा धडा प्रस्तुत लेखकास स्वतःच्या मळ्यात मिळाला. महसुली कारकुनीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी, चोरीच्या भयाने विहिरीवर रात्रभर दिवा जळत ठेविला होता. घटस्थापनेस सारा मळा कळ्यांनी भरला. विहिरीलगतच्या काही ओळी तेवढ्या हिरव्यागार, पण कळीवाचून. काश्या देणाऱ्या शेजाऱ्यास मी दोष दिला. पुढे मोजणीच्या जुन्या सवयीने ओळी मोजून पाहिल्या, तो उजेड जेथवर पोहोचे तेथवरच कळी नव्हती! त्या ओळींचे पैसे गेले ते गेलेच. शेजाऱ्याकडे जाऊन चूक मात्र कबूल केली.

तात्पर्य, ऑगस्टपासून मळ्याकडे पडणारा दिवा रात्री मालवावा. राखणीस तो हवाच असेल, तर मळ्याच्या बाजूने आडोसा करावा. बहार मुद्दाम लांबविण्यासाठी काही बागाइतदार शेतात दिवे टांगतात, ते याच नियमाच्या आधारे. जो दिवा जाणून लावला तो उपयोगी पडतो. जो विसरून राहिला तो सण बुडवितो.