गालिचा आणि साबणाचा फेस

गालिचा मळला की साबणाच्या पाण्याने खसाखसा घासायचा. जितका फेस, तितका स्वच्छ, असा समज घरोघरी आहे. पण गालिच्यातली बरीचशी घाण कोरडी असते. चपलांबरोबर आलेली बारीक रेती लवेच्या (वर दिसणाऱ्या उभ्या धाग्यांच्या) बुडाशी बसते आणि पावलागणिक धागे कापत राहते. त्यावर पाणी ओतले की चिखल होतो. कपडा आपण दोनदा खळबळून पिळतो, म्हणून त्यातला साबण निघतो. गालिचा पिळता येत नाही. मागे उरलेला चिकट साबण नवी धूळ धरून ठेवतो, आणि धुतलेला गालिचा आधीपेक्षा लवकर मळतो. म्हणून आधी व्हॅक्यूम, तोही सावकाश. त्याने लोकर झडते ही भीती फारशी खरी नाही: नव्या लोकरी गालिच्यातून निघतो तो कातताना सुटे राहिलेल्या आखूड तंतूंचा भुगा, आणि तो हळूहळू कमी होतो. भदोही-मिर्झापूरच्या हातगाठींच्या गालिच्यावर फिरता ब्रश मात्र बंद ठेवावा, झालर वाचवावी.

चहा सांडला तर? तेव्हा पाणी लागतेच, पण थोडे. पांढरे सुती फडके दाबून आधी चहा टिपून घ्यावा, मग ओलसर फडक्याने कडेकडून मध्याकडे यावे. घासले तर डाग पसरतो, लवही पिंजते. पावसाळ्यात तर चिंब भिजलेला गालिचा दिवसचे दिवस वाळत नाही आणि आतल्या सुती ताण्याला (उभ्या दोऱ्यांना) बुरशी धरते.