पाच ओळींचं संकेतस्थळ

बोरिवली असो की मुलुंड, सोसायटीच्या जिन्याखाली एक फळा असतो आणि त्यावर पाणी किती वाजता येणार ते खडूनं लिहिलेलं असतं. हीच माहिती सगळ्या बिऱ्हाडांना मोबाइलवर दिसेल असं संकेतस्थळ लिहायचं ठरवलं, तर किती ओळी लागतील? पाच. ज्याला संगणकाची थोडीफार ओळख आहे त्यालाही हा आकडा खोटा वाटतो, म्हणून तो आत उतरून पाहण्यासारखा आहे.

ही किमया ‘बॉटल’ची. मार्सेल हेलकँप या जर्मन प्रोग्रामरनं 2009 मध्ये पायथन भाषेत हे वेब फ्रेमवर्क प्रसिद्ध केलं. अख्खं फ्रेमवर्क एकाच फाइलमध्ये मावतं आणि पायथनबरोबर जे येतं त्यापलीकडे त्याला काहीही लागत नाही. ‘पिप इन्स्टॉल बॉटल’ म्हटलं की झालं. तेही नको असेल, तर ती एक फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेवली तरी चालतं.

आता त्या पाच ओळी. पहिलीत बॉटलमधून ‘रूट’ आणि ‘रन’ ही दोन साधनं मागवायची. दुसरीत सांगायचं, की कुणी ‘पाणी’ हा पत्ता मागितला, तर खालचं फंक्शन चालव. तिसरीत त्या फंक्शनचं नाव. चौथीत त्यानं परत द्यायचं वाक्य: ‘आज पाणी पहाटे साडेपाचला’. पाचवीत ‘रन’, म्हणजे 8080 क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बस. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, 8080 आणि तो पत्ता टाइप केला, की वाक्य समोर हजर. फंक्शनचं नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं. 2008 च्या पायथन 3 पासून ही मुभा आहे.

या पाच ओळींमागे काय घडतं? ब्राउझर एक छोटासा मजकूर पाठवतो. अगदी साधा, वाचता येणारा मजकूर: अमुक पत्त्यावरचं पान हवं, मी अमुक ब्राउझर आहे, मला अमुक भाषा चालते, आणि शेवटी एक रिकामी ओळ. उत्तरही तसंच. आधी 200 हा आकडा, म्हणजे सारं ठीक. मग मजकुराचा प्रकार, रिकामी ओळ आणि मजकूर. बॉटल त्या मजकुराच्या प्रकाराबरोबर ‘यूटीएफ-8’ असंही आपणहून लिहून टाकतं. म्हणूनच मराठी अक्षरं शाबूत पोचतात. ‘पाणी’ हा शब्द तारेवरून जाताना 12 बाइटचा होतो: प, काना, ण आणि दुसरी वेलांटी असे चार तुकडे, प्रत्येकी तीन बाइट. पलीकडचा मोबाइल ते तुकडे जोडून पुन्हा शब्द उभा करतो.

सर्व्हर आणि आपलं फंक्शन यांच्यामधला करार तर त्याहून सुंदर आहे. पायथनच्या जगात 2003 मध्ये ‘डब्ल्यूएसजीआय’ नावाचा प्रस्ताव मांडला गेला. त्याचं सार असं, की सर्व्हरनं फंक्शनला दोनच गोष्टी द्यायच्या: मागणीची सगळी माहिती असलेली एक यादी आणि उत्तर सुरू करण्याचं एक साधन. फंक्शननं बाइट परत द्यायचे. बस्स! बॉटल हा करार पाळतं, फ्लास्क हे दुसरं छोटं फ्रेमवर्क पाळतं, भलंमोठं जॅंगो फ्रेमवर्कही पाळतं. संकेतस्थळ म्हणजे मुळात एक फंक्शन आहे, हे लहान फ्रेमवर्कमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतं. मोठ्यात ते थरांखाली झाकलं जातं. शिकणाऱ्यानं लहानापासून सुरुवात करावी असं मी म्हणतो, ते यासाठी.

आणि हाच करार आपल्या उपनगरातही नांदतो आहे. घाटकोपरला खेटून असलेल्या विद्याविहारमध्ये ‘फ्रॅपे’चं घर आहे. रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा तिचं नाव वेब नोट्स होतं. छोट्या उद्योगांचे हिशेब, माल आणि पगार सांभाळणारं ‘ईआरपीनेक्स्ट’ त्यांनी बांधलं आणि त्याच्या पायातून फ्रॅपे फ्रेमवर्क निघालं. हे काही चिमुकलं नाही. मारियाडीबी, रेडिस अशा डेटाबेसांचा मोठा संसार आहे. पण ब्राउझरची मागणी आत येते ती त्याच जुन्या दारातून: एक फंक्शन, एक मागणी, एक उत्तर.

फ्रॅपेची खरी कमाल ‘डॉकटाइप’ची. ‘सभासद’ नावाचा डॉकटाइप करा, त्यात नाव, सदनिका क्रमांक आणि थकबाकी हे रकाने सांगा. डेटाबेसमधला तक्ता, भरायचा फॉर्म, यादी, कुणी काय पाहावं याचे नियम, इतर प्रोग्रामना माहिती देणारा एपीआय असं सगळं त्या वर्णनातूनच उभं राहतं. मग प्रश्न पडतो, की हे डॉकटाइपचं वर्णन कुठे साठवतात? डॉकटाइपमध्येच! डॉकटाइप हाही एक डॉकटाइप आहे. स्वतःचं वर्णन स्वतःच्याच भाषेत करणारी ही रचना पाहिली, की मला तिचं कौतुक आवरत नाही.

पुन्हा बॉटलकडे यायचं, तर एक व्यवहाराची गोष्ट. त्याच्याबरोबर येणारा सर्व्हर एका वेळी एकच मागणी हाताळतो. तो शिकण्यासाठी आहे. सोसायटीला रोज वापरायचं असेल, तर पाचव्या ओळीत सर्व्हर म्हणून ‘गुनिकॉर्न’ लिहा, अर्थात तो आधी बसवून घ्या. आणि घरातल्या मोबाइलवर पाहायचं असेल, तर त्याच ओळीत होस्ट म्हणून चार शून्यं, मध्ये टिंबं देऊन, लिहा. संगणकाचा वायफायवरचा पत्ता आणि पोर्ट मोबाइलमध्ये टाइप करा.

बॉटल आणि फ्रॅपे दोन्ही एमआयटी परवान्याखाली आहेत. वाचायला, बदलायला, वाटायला मोकळे. पाच ओळी चालल्या, की थेट बॉटलची ती एक फाइल उघडा आणि ‘रूट’ कुठे लिहिलंय ते शोधा.